चार पायांची मुंगी

ताई,

मी बोलते आहे, नात लिहिते आहे. अक्षरं काही माझ्या वाट्याला आली नाहीत.

सत्तरीत मला नोकरी लागली बघ! वनस्पतींच्या पुस्तकांसाठी पानाफुलांची चित्रं काढते. सही येत नाही, म्हणून कोपऱ्यात मुंगी काढते. लहानपणी भिंतीवर काढायचे तीच, चार पायांची.

साहेब वैतागले. "आजी, मुंगीला सहा पाय असतात. लोक हसतील!"

"ठाऊक आहे हो. पण सहा काढले तर एक माणूस ओळखणार नाही."

मुंगी राहिली.

तू माझ्याशी भांडून गेलीस, तुझा पत्ता नाही. हे पत्र डब्यातच राहील, पण पुस्तकं गावोगाव जातात. एखादं दिसलं, तर पूर्वीसारखी हस. "वेडे, दोन पाय कुठे विसरलीस?" असं विचारायला तरी ये.

तुझी धाकटी
(खालची मुंगी माझ्या हातची.)