बाह्यरुग्ण विभागातील फलकावरून पत्नीचे फोटो उतरवण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय: 'वजन घटवा' फलकावरील माझ्या पत्नीचे दोन्ही फोटो उतरवून, पैकी पहिला मला मिळण्याबाबत.
संदर्भ: 'फोटो उतरवायचे असल्यास रुग्णाने स्वतः येऊन अर्ज करावा' असे कळवणारे आपले पत्र.

महोदय,

रुग्णाने स्वतः यावे ही आपली अट वाजवी आहे. परंतु रुग्ण वारली असल्याने तिच्या वतीने मीच येत आहे. मृत्यूचा दाखला आपल्याच रुग्णालयाचा आहे. निदान त्यावर तरी शंका नसावी.

१. माझी पत्नी शिवणकाम करीत असे. वजन चौऱ्याण्णव किलो. गल्लीत तिला 'गोदाम' म्हणत, आणि ती "आधी भाडं भरा, मग आत या" असे उत्तर देई.

२. पुढे शिवताना आपला पाय पायडलवर आहे की नाही, हे तिला वाकून पाहावे लागू लागले. अंधारात तोल जाई. अंगाची खाज तर जुनीच होती. आपल्याकडे रक्त तपासले: चरबी भरमसाट, व्हिटॅमिन ई नॉर्मल. आपले डॉक्टर म्हणाले, "एवढं ओझं वाहून कुणाचेही पाय कुरकुरतील. वजन उतरवा, पायही सुधारतील."

३. वजन उतरले. एकसष्टवर आले. मुलगी म्हणाली, "आई, माझे कपडे होतील गं तुला!" शेजारणी आहाराचा तक्ता मागू लागल्या. त्यांना ही सांगे, "सोपं आहे गं. आधी चालणं विसरायचं, मग जेवण." सगळ्या हसत. आपण तिला बोलावून नवा फोटो काढलात, पहिल्या तपासणीच्या वेळी काढलेल्या जुन्या फोटोशेजारी लावलात आणि खाली 'व्हिटॅमिन ई: समाधानकारक' असेही छापलेत. तो आकडा पहिल्याच तपासणीचा होता.

४. उलगडा फार उशिरा, नव्या डॉक्टरीणबाईंनी केला. व्हिटॅमिन ई रक्तातल्या चरबीबरोबरच फिरते. चरबी फार असली की त्याचा आकडा फुगलेला दिसतो, म्हणून तो चरबीच्या प्रमाणात वाचायचा असतो. हिच्या पित्ताच्या नळ्या आजाराने बंद होत चालल्या होत्या. त्यामुळेच खाज होती, त्यामुळेच रक्तात चरबी चढली होती, आणि त्यामुळेच खाल्लेले ई अंगी लागत नव्हते. ई कमी पडले की नसा दुबळ्या होतात आणि पायांना खालची जमीन कळेनाशी होते. वजन आहाराने नव्हे, यकृत खचल्याने उतरत होते. बाईंनी कोणाला दोष दिला नाही. मीही देत नाही. ज्याला जो आकडा दिसला, तो त्याने वाचला.

५. फलक 'प्रेरणादायी' आहे, असे आपण लिहिता. माझी तक्रार नेमकी तीच आहे. परवा आपल्या कार्यालयात आलो असता एक स्थूल बाई भिंतीचा आधार घेत आल्या आणि फोटोसमोर थांबल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, हिला जमलं. मलाही जमेल." तो म्हणाला, "आधी ती बिस्किटं सोड." दोघेही हसले. 'तुमच्या पायांना फरशी कळते का?' असे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. परक्या बाईला असले काय विचारायचे, म्हणून वाट सोडून बाजूला झालो. त्या गेल्या. त्यानंतर मला स्वस्थता नाही.

सबब विनंती की, दोन्ही फोटो आणखी कोणी पाहून हुरूप घेण्याआधी उतरवावेत.

पहिला फोटो मला द्यावा. कॅमेरा दिसला की ती मागच्या रांगेत जाऊन उभी राही, त्यामुळे घरात तिचा धड फोटो नाही. आपल्या वजनकाट्यावर उभी राहून ती मोकळी हसते आहे, असा हा एकच. त्यावर मारलेली लाल फुली पुसली जात असल्यास पाहावे. न गेल्यास तसाच चालेल.

दुसरा आपल्या दप्तरी राहू द्यावा. त्यात ती ऐटीत उभी आहे, असे आम्हा सर्वांनाच वाटले होते. कृपया जवळून पाहावे. तिने टेबलाचा कोपरा घट्ट धरला आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा, नम्र,
(सही)
रुग्णाचा पती
दिनांक: आजचा, पोचेच्या शिक्क्याप्रमाणे

सोबत: मृत्यूच्या दाखल्याची प्रत, रक्ततपासणीच्या अहवालांच्या प्रती.