कमी पडलेले नऊ गुण

दि. १९ मार्च

प्रिय धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. अक्षर वाकडं आलंय, कारण डाव्या हाताने लिहितेय. जिन्यात घसरले, उजव्याला थोडं लागलंय. आईला एवढंच सांग.

राखीव जागा रिकाम्या राहिल्या म्हणून आपल्यासाठी प्रवेशाचे किमान गुण खाली आणले आणि नऊ गुण कमी पडूनही तुला मेडिकलला जागा मिळाली. आता वसतिगृहातल्या पोरांनी तुझ्या दारावर 'उणे नऊ' असं रंगवलं, गादी जाळली. "ताई, सोडून येऊ का?" असं विचारतोस. उत्तराला आठ दिवस लागले, कारण खोटं लिहवेना.

जिन्यात नाही रे घसरले.

गेल्या सोमवारी दुपारी अपघात विभागात एक दुचाकीवाला आणला. नाडी लागेना, पोट फुगत चाललेलं. मी म्हटलं, "लगेच ऑपरेशनला घेऊ." माझ्यासोबत ड्यूटीवर टॉपर होता. तुकडीत पहिला आलेला, म्हणून सगळे त्याला टॉपरच म्हणतात. तो म्हणाला, "तुला काय कळतं? आधी स्कॅन." मी गप्प बसले. पेशंट स्कॅनच्या टेबलावरच गेला.

त्याचा भाऊ आठ-दहा जण घेऊन आत घुसला. काचा फुटल्या, नर्सच्या डोक्यात खुर्ची बसली. टॉपरची कॉलर धरली, तसा तो माझ्याकडे बोट करून किंचाळला, "मी नाही! ती बघा, ती कोट्यातली!"

केसांना धरून मला फरशीवर आपटलं. सलाइनच्या स्टँडने हाणलं. मनगट मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "फुकटी! माझा भाऊ खाल्लास!" डाव्या हाताला कात्री सापडली, ती मी त्या भावाच्या मांडीत खुपसली. दोनदा. पहिल्याच वाराला तो कोसळला होता. दुसऱ्याची गरज नव्हती.

तो जगला. पण लंगडेल.

आता घरी कधीच न सांगितलेलं सांगते. पहिल्या वर्षी घरी कळवलं तशी मी आजारी नव्हते, शरीररचनेत नापास झाले होते. प्रवेशाला सवलत होती, पास व्हायला नव्हती, आणि नसावीच. सहा महिने प्रेतांशेजारी बसून घोकलं. म्हणून ते पोट पाहताच आत रक्त साचतंय हे मला कळलं. कळलं, तरी टॉपरपुढे तोंड शिवून बसले. तो माणूस माझ्या गुणांनी नाही मेला, माझ्या गप्प बसण्याने मेला.

तू जागा सोडायची नाहीस. मागे पडशील, पड. रड. पण परीक्षेत अर्ध्या गुणाचीही भीक मागू नकोस. आणि पेशंटपाशी उभा असताना कळलं की ओरड, समोर कोणी का असेना.

उद्या पोलिसांना जबाब द्यायचाय. टॉपरचं सांगणार. दुसऱ्या वाराचंही सांगणार. मग कदाचित हात बरा झाला तरी कुणी त्यात सुरी देणार नाही.

आईला बाहेरून कळायच्या आत तू जाऊन खरं सांग. जवळ बसून सांग.

आजच्या दिवसापुरती तरी डॉक्टर असलेली,
तुझी ताई