आखूड पाठीची बॅग

अप्पा, गेल्या महिन्यात मी हिमालयातल्या एका खिंडीवर उभी होते. वय चोपन्न, पाठीवर बारा किलोची बॅग, आणि खांदे दुखत नव्हते. आमच्या गटातल्या दोघांनी आपापल्या बॅगा खेचरावर टाकल्या होत्या. त्यातले एक म्हणजे आमचे गटप्रमुख, ज्यांनी मला खेचराचा सल्ला दिला होता. मी त्यांच्या समोर उभी राहून, बॅग न उतरवता, शांतपणे चिक्की खाल्ली. तुम्ही असतात तर मिशीत हसला असतात. तेवढ्यासाठीच बोगादीच्या घरी जेवणाच्या टेबलाशी हे लिहायला बसले आहे, आणि समोरच्या खुर्चीवर ती बॅग पाहुणीसारखी बसवली आहे.

आधी फजिती सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या शिक्षकांनी कोडगूच्या डोंगरावर जायचं ठरवलं. मी दुकानात गेले आणि मोठ्यातली मोठी बॅग उचलली. अंगावर चढवली तर ढगळ वाटली, आणि ढगळ वाटली म्हणूनच आवडली. तुमच्या घरात वाढलेल्या बाईकडून दुसरं काय होणार? देवराज मोहल्ल्यातल्या तुमच्या दुकानातून गावाचे कोट अंगाबरोबर बसून बाहेर पडायचे, आणि आम्ही तिघं भावंडं मात्र वाढत्या अंगाचे कपडे घालून शाळेत जायचो. बाही बोटांवर, झगा पोटऱ्यांवर. ‘पुढच्या वर्षी बरोबर होतंय बघ,’ तुम्ही म्हणायचात. पुढच्या वर्षी तो झगा विटलेला असायचा आणि नवा पुन्हा दोन बोटं मोठा शिवला जायचा. नेमक्या मापाची वस्तू म्हणजे उधळपट्टी, हे माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की बावन्नाव्या वर्षीही मी वाढेन अशा बेताने बॅग घेतली.

कोडगूत त्या बॅगेने माझा सूड घेतला. कमरेचा पट्टा कमरेवर थांबेचना, घसरून मांड्यांवर यायचा, आणि सगळं ओझं खांद्यांना लोंबायचं. अर्ध्या वाटेत माझे हात बधिर झाले. गटप्रमुखांनी बॅग माझ्या पाठीवरून काढली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, ‘मॅडम, आता वयाचं जरा बघायला पाहिजे. पुढच्या वेळी खेचर करा, नाहीतर घरी आराम करा.’ मी वर गेलेच नाही. खाली चहाच्या टपरीवर बाकी लोक परत येईपर्यंत तीन तास बसून राहिले. आपलं डोंगर चढणं संपलं, असं मी तिथे मनाशी जवळजवळ कबूल करून टाकलं होतं.

घरी आल्यावर रागाने ती बॅग पुन्हा आरशासमोर चढवली. कुठे चुकलं ते तरी बघू म्हटलं. आणि एकदम तुमचा आवाज कानात आला. मी बारा वर्षांची आहे, दुकानात कापायच्या टेबलापाशी उभी. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली आहेत. तुमचा कारागीर माझ्याकडे बघून म्हणतो, पोरगी ताडमाड झाली, मोठ्या बाईच्या मापाने कापू या. तुम्ही माझ्या मानेमागच्या हाडावर टेप टेकवता, कमरेपर्यंत नेता आणि त्याला झापता, ‘उंची बघून कापतोस काय रे? पाठ मोजायला पाहिजे, पाठ! हिचे पाय उद्द, पाठ गिड्डी. नुसते पाय वाढलेत.’ गिऱ्हाइकं हसली. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही, आणि माझी पाठ अशी आखूड आहे हे कुणाला कळू नये म्हणून पुढे कित्येक वर्षं ओढणी पाठीवर पसरून घेत राहिले.

तुमचा टेप माझ्याकडेच आहे, पिवळा, टोकाची पितळी पट्टी झिजलेला. लेकीला हाक मारली. मानेमागचं हाड तिला हाताने दाखवलं, कमरेच्या दोन्ही हाडांवर अंगठे टेकवून रेष दाखवली. सोळा इंच भरलं. तिने फोनवर बॅगांची मापं काढून बघितली आणि ओरडली, ‘अय्यो अम्मा, तू स्मॉल आहेस! इतके दिवस सुम्मे, उगाचच लार्ज घेऊन फिरलीस!’ पाच फूट सात इंच उंचीची बाई, आणि पाठ स्मॉल. मी तिच्यासमोर टाळ्या वाजवल्या, अप्पा. दुखणं वयाचं नव्हतं, मापाचं होतं.

मग यंदा हिमालयाचं ठरलं तेव्हा मी दुसऱ्या दुकानात गेले ती तुमची मुलगी म्हणून. विकणाऱ्याने मला वरून खालपर्यंत बघितलं आणि लार्ज पुढे केली. ‘मॅडम, नीवु उद्द इद्दीरा.’ उंच आहात, म्हणे. मी म्हटलं, उंची राहू दे, स्मॉल काढ. ती हातात आल्यावर सगळे कप्पे उघडून आतली बाजू बाहेर काढली. तुम्ही कधी कापडाची नुसती सुलट बाजू बघून शिलाई पास केली नाहीत. पट्टे जिथे बॅगेला जोडले होते तिथे एकावर एक आडवे टाके आहेत का, कापडाच्या कापलेल्या कडा पट्टीत बंद केल्यात का, चेन कोपऱ्यावर अडते का, सगळं बोटांनी चाचपलं. एका बॅगेची चेन अस्तरात अडकली, परत. दुसरीच्या पट्ट्याचा धागा ओढल्याबरोबर सुटला, तीही परत. तो हात टेकून म्हणाला, ‘मॅडम, नीवु टेलरा?’

कॉलेजात, नोकरीत, कुणी विचारलं तर मी ‘वडिलांचा कपड्यांचा व्यवसाय होता’ असं सांगायचे. त्या दिवशी भर दुकानात, जरा मोठ्यानेच म्हटलं, ‘टेलर मगळु.’ टेलरची मुलगी.

तिसऱ्या बॅगेत त्याने बारा किलोचं वजन भरलं. मी आधी कमरेचा पट्टा हाडांवर बसवून आवळला, मग खांद्यांचे पट्टे ओढले. आणि तोंडून निघणारच होतं की घट्ट होतेय, एक माप मोठी दे. पण थांबले. अर्धा तास दुकानाच्या जिन्यावरून वरखाली केलं. ओझं कमरेवर बसलं होतं, खांदे मोकळे, हात मोकळे. मी तीच घेतली. पुढचे तीन महिने रविवारी तिच्यात तांदूळ भरून तलकाडच्या वाळूत चालले, पाय घोट्यापर्यंत रुतायचे. आमच्या गल्लीतल्या बाया विचारायच्या, घर सोडून चाललात काय? आणि मग ती खिंड. शेवटच्या चढावर गटप्रमुख धापा टाकत मागून आले आणि म्हणाले, ‘मॅडम, बॅग कुठून घेतली, सांगा ना.’ सांगितलं. पण आधी पाठ मोजून घ्या, असंही सांगितलं.

आता जे सांगायचं टाळते आहे ते. पहिल्या नोकरीच्या प्रशिक्षणाला मला डिसेंबरात दिल्लीला जायचं होतं, तेव्हा तुम्ही राखाडी लोकरीचा कोट शिवला होता. माझ्यासाठी शिवलेला पहिला कपडा, ज्यात वाढायला जागा ठेवली नव्हती. तुम्ही तो स्वतः माझ्या अंगावर चढवला, दोन पावलं मागे जाऊन बघत राहिलात. मी खांदे हलवले आणि म्हटलं, ‘घट्ट होतोय.’ तुम्ही एकदा विचारलंत, ‘घट्ट हाय?’ मी म्हटलं, हो. तुम्ही सगळ्या शिवणी उसवल्यात आणि दोन्ही बाजूंनी सैल करून दिलात. दिल्लीत त्यातून वारा आत शिरत राहिला, आणि पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

हे पत्र कुठे टाकणार? लेकीने वाचलं तर उगाच रडेल, म्हणून तिलाही दाखवणार नाही. पण त्या दुकानात पट्टा आवळला तेव्हा अंगाला तेच वाटलं जे त्या कोटात वाटलं होतं, अगदी तेच. तो कोट घट्ट नव्हता, अप्पा. बरोबर बसला होता.