डाव्या बाजूची सतार

भोर,
१० फेब्रुवारी १९७४

प्रिय कुंडलिक,

सप्रेम जय भीम. तू पाठवलेला हेडफोन पोचला. तुझे पुण्याचे मित्र सुट्टीवर आले तेव्हा माझ्या शाळेत आणून देऊन गेले. निरोप त्यांनी तोंडी दिला आणि तो घरी पालीला पोचेपर्यंत बदलला. आईला एवढंच कळलं, की कुंडलिकनं जर्मनीहून कानातलं पाठवलंय. तिनं शेजारच्या अंबूबाईंनाही सांगून टाकलं. रविवारी मी घरी जाऊन खोकं उघडलं तेव्हा ती चहात साखर घालायची विसरली.

वस्तू देखणी आहे. आबांनी ती आधी हातात तोलून पाहिली. लढाईवरून त्यांनी आणलेला जुना हेडफोन तुला आठवत असेलच. दोन काळ्या चकत्या, वर पोलादी पट्टी, कापडानं मढवलेली वायर. थोडा वेळ लावला की कान लाल व्हायचे. तुझ्या हेडफोनला मऊ गाद्या आहेत, अख्खा कान आत मावतो आणि अंगणातली कोंबडीसुद्धा ऐकू येत नाही. आबांनी तो जांभळीवर तार टाकलेल्या आपल्या बिनबॅटरीच्या रेडिओला जोडला. अजिबात आवाज नाही. मग जुना जोडला, तर पुणे केंद्र नेहमीसारखं विहिरीच्या तळातून बोलायला लागलं. आईला त्यात थोडं समाधान वाटलं असावं.

पुढच्या रविवारी दोघं भोरला आली. नसरापूरला गाडी बदलावी लागते म्हणून आई सहसा येत नाही, पण या वस्तूचं होतं काय ते तिला बघायचं होतं. स्टँडजवळ हनीफ रेडिओ दुरुस्त करतो, त्याच्याकडे मी त्यांना नेलं. हनीफनं समजावून सांगितलं, की जुना हेडफोन नुसत्या तारेतून येणाऱ्या एवढ्याशा जोरावरही बोलतो, नव्याला मागं ताकदवान यंत्र लागतं. पालीत वीजच नाही. त्याच्याकडे एका डॉक्टरांचा स्टिरिओ दुरुस्तीला आला होता. त्यावर त्यानं सतार-तबल्याची तबकडी लावली आणि हेडफोन आबांच्या डोक्यावर चढवला.

आबा डोळे मिटून बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, तबला असा त्यांनी आयुष्यात ऐकला नाही, वाजवणाऱ्याच्या बोटाची नखं कळतायत. मग विचारलं, "सतार कवा सुरू व्हायची?"

हनीफला वाटलं वायर सैल झाली असेल. त्यानं स्वतःच्या कानाला लावून पाहिलं. सगळं ठीक होतं. सतार डावीकडे, तबला उजवीकडे. मग त्यानं हेडफोन उलटा करून पुन्हा आबांना लावला. आता आबांना सतार ऐकू येत होती आणि तबला नव्हता. हनीफनं तबकडी थांबवली. माझ्याकडे पाहिलं. आबांनी मान खाली घातली होती.

लढाईत एक गोळा जवळ फुटला तेव्हाच डावा कान गेला. साहेबाला सांगितलं असतं तर वायरलेसच्या कामावरून काढलं असतं. त्या खुर्चीवर बसणाऱ्याला कुणी जात विचारत नव्हतं, असं आबा म्हणाले. घरी आल्यावर सांगायचं राहून गेलं, आणि मग आता काय सांगायचं, असं झालं. जुन्या हेडफोनमध्ये दोन्हीकडे एकच आवाज यायचा, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. लहानपणी एक चकती वेगळी काढून ते आपल्याला ऐकायला द्यायचे, ती नेहमी डावी असायची. आपल्याला केवढं कौतुक वाटायचं त्याचं.

आई त्यांच्या डाव्या अंगालाच उभी होती. घरातही ती तिथंच बसते, चूल त्या बाजूला आहे. विचारलेल्याचं उत्तर देत नाहीत म्हणून ती किती वेळा रुसली, एकदा तर माहेरी निघून गेली होती. ती वळसा घालून त्यांच्या उजवीकडे आली आणि म्हणाली, "म्हंजे लगीन झाल्यापासनं म्या भिताडासंगं बोलत व्हते?"

आबा म्हणाले, "व्हय."

हनीफनं आतल्या तारा एकत्र करून दोन्ही आवाज दोन्हीकडे येतील असं करून दिलंय आणि त्याच्याकडच्या एका जुन्या ट्रान्झिस्टरला जोडण्याची सोयही केलीय. आबा बातम्या त्यावर ऐकतात. नवा लई साफ हाय, जुना हलका हाय, एवढंच त्यांचं मत. आई आता उजवीकडे बसते आणि राहिलेलं सगळं सांगते. परवा आबा मला हळूच म्हणाले, की पहिलं बरं होतं.

ही झाली खुशाली. हे पत्र लिहायला घेतलं त्याचं कारण वेगळं आहे. त्या दिवशी हनीफकडून परत येताना आबांनी रस्त्यात थांबून मला विचारलं, "कुंडलिक जाताना मला काय बोलला व्हता का?" तू निघालास ती सकाळ माझ्या डोळ्यासमोर आहे. गाडी सुटताना तू खिडकीतून वाकून आबांच्या कानाशी काहीतरी बराच वेळ बोललास. ते समोर बघत उभे राहिले. तुझा चेहरा उतरलेला मी पाहिला, आणि तेव्हापासून तुझ्या एकाही पत्रात त्यांचं नाव नाही. मी त्यांना सांगितलं, बोलला होता, तुमच्या डाव्या बाजूनं.  "मला वाटलं, पोरगं न बोलताच गेलं," आबा म्हणाले. तू काय बोललास ते मला माहीत नाही. क्षमा मागितली असशील किंवा राग काढला असशील. जे काही असेल ते आबांच्या नावानं लिहून पाठव. ते रोज पोस्टमनची वाट बघतात.

तुझीच,
सगुणाआक्का