एका ‘हं’ने चढलेला डोंगर

ला एस्पेरान्सा, मंगळवार

आदरणीय एल्विराताई यांना धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार.

तुमचा रक्तदाब आणि कीतोची थंडी या दोघांचं आता जमलं असेल असं धरून चालतो. इकडे मी बरा आहे. (बसलेलो असताना पूर्ण बरा आहे. बाकीचं पुढे येईल.)

गेल्या आठवड्यात तुम्ही फोनवर म्हणालात, झोइलाला जाऊन वर्ष होत आलं, तुम्ही एकटे त्या घरात काय करणार, शनिवारी ट्रक पाठवते, सामान भरा आणि कायमचे इकडे या. मी "हं" म्हटलं. त्या "हं"बद्दलच लिहायचं आहे, पण आधी रविवारी काय घडलं ते सांगतो, नाहीतर पुढचं तुम्हाला पटायचं नाही.

झोइला मागची खोली पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या प्रवाशांना द्यायची. मीही देतो. परवा एक डच जोडपं होतं, मार्तये आणि योस्ट. दोघंही दारातून वाकून आत येणारी. त्यांना आपल्या डोंगरबाबावर, ताइता इम्बाबुरावर जाऊन एका दिवसात परत यायचं होतं आणि वाटाड्या म्हणून विल्मेर ठरला होता. पहाटे विल्मेरला ताप. मी टोपी घालून दारात उभा होतो (पाव आणायला निघालो होतो). मार्तये तिच्या मोडक्या भाषेत म्हणाली, "तुम्ही नेणार आम्हाला वर?" मी "हं?" असं म्हटलं. प्रश्नचिन्ह तिला ऐकू आलं नसावं. ताई, सदुसष्ट वर्षं मी या ज्वालामुखीच्या पायथ्याशी काढली आणि कुरणाच्या वर एकदाही गेलो नाही. जन्ममृत्यूच्या नोंदी करणाऱ्याला वर काम पडत नाही. पण तोवर तिने माझ्या पिशवीत भाजलेला मका आणि गुळाच्या पाण्याची बाटली भरलीसुद्धा होती.

कुरणात तारसिला मेंढ्या चारत होती. (आमची शेजारीण. तुम्ही अंत्यविधीला आलात तेव्हा हिनेच तुमच्या हातातून पातेलं काढून घेतलं होतं.) म्हणाली, "कारकूनसाहेब, चर्च खाली राहिलं." मी मान हलवून पुढे गेलो. पुढे धुकं आलं. पुरुषभर गवतात एकच वाट दिसली, ती धरून मी तासभर फार विश्वासाने चाललो, आणि धुकं विरलं तेव्हा समोर तारसिला. "इतक्यात जाऊन आलात? ताइता घरी नव्हते वाटतं." योस्टने तिला समजावलं की उंचीची सवय व्हावी म्हणून वाटाडे मुद्दाम असं वरखाली नेतात. मी बोलत नाही याला ती दोघं अनुभव समजत होती. तारसिला हसली नाही, पण काठीने खरी वाट दाखवली आणि म्हणाली, "वर गेल्यावर त्यांची परवानगी मागा. तुमची पहिलीच भेट आहे."

शेवटचा दीड तास नुसता दगड. दहा पावलं टाकायची आणि श्वासासाठी थांबायचं. मी थांबलो की तेही थांबायचे, आणि मी फुलं दाखवायला थांबतो असं समजून वाकून फुलं बघायचे. पण ताई, दोन वाजता मी माथ्यावर होतो. चार हजार सहाशे मीटर. कोणी ढकललं नाही, कोणी ओढलं नाही. थोडा मका ठेवून मी ताइतांची परवानगी मागितली (उशिरा, हे मान्य).

समोर ताइतांची बायको, तुमच्या माहेरची डोंगरआई मामा कोताकाची उभी होती, कड्यावर ताजं बर्फ. असं बर्फ दिसलं की झोइला चुलीपाशी हसायची, "रात्री तुमचे ताइता आमच्याकडे येऊन गेले." चाळीस वर्षं तोच विनोद, आणि मी दरवेळी "हं" म्हणायचो. योस्टने विचारलं, त्या डोंगराचं नाव काय. मी म्हटलं, "माझी सासुरवाडी." त्याने ते वहीत डोंगराचं नाव म्हणून लिहून घेतलं. मी दुरुस्ती केली नाही. नोंदीत मी चूक ठेवली अशी ती पहिलीच.

मुलांना आशीर्वाद.

आपला,
आबेलार्दो

ता. क. पत्र अजून इथेच आहे, कारण टपालाच्या पेटीपर्यंत चार पायऱ्या उतराव्या लागतात. तारसिला नेते म्हणाली. तिचं म्हणणं, "डोंगर उतरलात, आता ओटा उतरायला वाटाड्या शोधा."

ता. क. २. डच मंडळींनी मागच्या खोलीतल्या पाहुण्यांच्या वहीत ‘अनुभवी आणि शांत वाटाड्या’ असं लिहून ठेवलं. ते वाचून काल आणखी दोघं विचारायला आली. मी त्यांना "नाही" म्हटलं. तोंडाने. कोणी रागावलं नाही. म्हणून तुम्हालाही म्हणतो: नाही. मी येत नाही. झोइला या घरातून गेली, मी याच घरात राहीन. फोनवर मला हे जमलं नसतं.

ता. क. ३. ट्रक ठरवून झाला असेल तर वाया घालवू नका, तुम्ही त्यात बसून या. वर्षाच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, माझा दुखवट्याचा काळा कोट उतरवायला तिच्या माहेरचं माणूस लागतं, आणि आता तुमच्याशिवाय कोणी नाही. मागची खोली झाडून ठेवली आहे. बसून झाडली, पण कोपरे घेतले आहेत.