पिशव्या राखणारी

९ जानेवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

पत्र लिहिणार नव्हते. मागे आई स्टँडच्या बाकावर भर उन्हात तुझी वाट बघत बसली आणि उशीर का झाला विचारल्यावर तू माझ्यावरच उखडलास. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलंय. म्हणून तर माझ्याकडचा महिना संपला की मी आईला इथून बसमध्ये बसवते, तू तिकडे उतरवून घेतोस, आणि आपल्याला एकमेकांची तोंडं बघावी लागत नाहीत.

पण आज खिडकीत तिच्या गुडघ्यांच्या तेलाची बाटली सापडली. निघताना विसरलेली दिसते. म्हणजे इतके दिवस ती तुझ्याकडे तेलावाचून जिने चढतेय आणि तुम्हा नवराबायकोला पत्ता नाही. मोटारींचं वाइंडिंग तुला डोळे मिटून जमतं, पण घरातल्या म्हातारीचं लंगडणं उघड्या डोळ्यांनी दिसत नाही.

दुसरं म्हणजे, शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलंय. काजं करावीत तर आईनेच. मी ठेवलेली मुलगी काज करते की भोक पाडते तेच समजत नाही. तेव्हा महिना भरायची वाट न बघता आईला लगेच पाठव. तेवढं तरी वेळेवर कर.

लोभ आहेच, पण तो या पत्रात शोधू नकोस.

तुझी,
ताई

१३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई माझ्याकडे नाही. ती आलेलीच नाही. डिसेंबर संपता संपता तिचं कार्ड आलं होतं, की ताई सोडत नाही, पुढचाही महिना तिच्याकडेच राहते. मला ते खरं वाटलं, कारण एकदा धरलेलं तू कधी सोडत नाहीसच.

तुझं पत्र वाचलं. हातातलं काम टाकून स्टँड गाठला. कंडक्टरला ती नीट आठवत होती. मधेच गडाच्या फाट्यावर उतरली म्हणाला. त्याने हटकलं तेव्हा तिने सांगितलं, की न्यायला माणूस आलंय. पायथ्याशी खाणावळ चालवणारी तिची शाळेतली मैत्रीण आली होती. आई ठणठणीत आहे, तिथे जेवायला थांबतो तेव्हा रोज दिसते, असं तो म्हणाला. तिचा निरोपही त्याच्याकडे होता, की मुलं विचारत आली तर सांगायचं, माझं पत्र येईपर्यंत कुणी इकडे फिरकायचं नाही.

आता तू ऐक. बसमध्ये बसवलं की आपली जबाबदारी संपली, हा नियम तुझा. आई पोचली का, एवढी एक ओळ टाकली असतीस तर हात झिजला नसता. भावजींनाही विचारावंसं वाटलं नाही. तेल सापडेपर्यंत तुला आई आठवली नाही, आणि आठवली तीही अर्ध्या पत्रापुरती. उरलेल्या अर्ध्यात काजं. मला शहाणपण शिकवू नकोस.

आणि गडावर तिचं काय ठेवलंय तेही मला समजत नाही. बाबा आपल्याला दर थंडीत न्यायचे, पण ती कधी वर आल्याचं आठवत नाही. तिला गड आवडलाच नव्हता.

आज लोभ मागण्याचंही त्राण नाही.

तुझा,
भाऊ

१६ जानेवारी

चि. ताई आणि चि. भाऊ,
अ. उ. आ.

हेच पत्र दोनदा लिहितेय. तुम्ही बोलत नाही, म्हणून हात माझा दुखतो.

मी दोघांशी खोटं बोलले, आणि जाणूनबुजून बोलले. माझी आठवण आधी कुणाला येते ते बघायचं होतं. भाऊने कंडक्टरपाशी सगळा पाढा वाचला, तो त्याने मला येऊन सांगितला. म्हणजे आठवण आली ती तेलाच्या बाटलीमुळे आणि काजांमुळे. ते ऐकून दोन घास खाऊन ताटावरून उठले.

आईला गड आवडला नव्हता, असंही भाऊ त्याला म्हणाला म्हणे. अरे, पायथ्याशी तो चपटा दगड आहे ना, त्यावर मला बसवून डबे, पिशव्या, स्वेटर सगळं माझ्याभोवती ठेवून तुम्ही तिघं वर पळायचात. माकडं फार, कुणीतरी राखायला हवंच होतं. उतरलात की दरवाजा केवढा उंच आणि टाकं केवढं खोल ते तुम्ही सांगायचात आणि मी डबे उघडायचे. आई, तू चल, असं कधी कुणी म्हटलं नाही. बाबांनीही नाही. ते गेले तरी तो राग मी सोडलेला नाही.

परवा चढले. मैत्रीण होती, काठी होती, गुडघे बोंबलत होते. दरवाजा तुम्ही सांगायचात तेवढा काही उंच नाही. टाकं मात्र खोल आहे, आणि पाणी इतकं स्वच्छ की आत आभाळ दिसतं. मग तटावर बसून माझा दगड शोधला. पुष्कळ शोधला. वरून तो दिसतच नाही. तुम्हाला एवढी वर्षं मी दिसत नव्हते, आणि मी खालून हात हलवायचे. तिथेच बसून रडले, आणि ते रडणं रागाचं होतं.

तेव्हा यापुढे मला पार्सलासारखं बसमध्ये घालायचं नाही. कुठे राहायचं ते मी ठरवेन. काजं मनात आलं तर करेन. माया होती तेवढीच आहे, पण आता ती पायथ्याशी बसून राहणार नाही. रविवारी या. दोघं एकाच बसने या, आणि तेल आणा. मी पुन्हा वर जाणार आहे. तुम्ही त्या दगडावर बसा, बोला नाहीतर भांडा, आणि मी उतरेपर्यंत पिशव्या राखा.

तुमची,
आई

ता. क. माकडं अजून आहेत.