कॅबिनमधला प्रिंटर

३ फेब्रुवारी, सोमवार

आज चौदा वेळा कॅबिनमध्ये. मोजलंच मी! माती परीक्षणाचे रिपोर्ट चौदा आणि सगळ्या ऑफिसात प्रिंटर एक — तोही भूपेंद्र साहेबांच्या खुर्चीला खेटून. पेन ड्राइव्ह घेऊन जायचं, त्यांच्याच कॉम्प्युटरला लावायचा, वाकायचं, कागद येईपर्यंत थांबायचं. तेवढ्यात त्यांचा हात कधी पाठीवर, कधी कमरेला. वर — "अगं सरक, मला स्क्रीन दिसत नाही!" जशी मीच आडवी आले.

शी! त्या पानमसाल्याचा वास ओढणीला चिकटून घरापर्यंत येतो. गावी, कोरीटला, बसमधून उतरले की आधी ओढणी बादलीत. आई म्हणाली, "रोज काय धुई ऱ्हायनी ओढनी?"

धूळ, म्हटलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

निर्मलाबाईंशी बोलले. धीर करून. बावीस वर्षं या ऑफिसात आहेत त्या, आवक-जावक रजिस्टर त्यांच्याकडे, टेबल कॅबिनच्या काचेसमोर. त्यांना दिसत नाही असं नाहीच. म्हटलं, प्रिंटर बाहेर आणायला हवा. त्यांनी रजिस्टर जवळ ओढलं, मान खाली.

"जठे शे तठे राहू दे, पोरी. कसाले वाद?"

किळस आली. साहेबांची येते तेवढीच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

एक गोष्ट लिहायचीच टाळते आहे. हुमा नवीन लागल्यापासून — महिना झाला — साहेबांचं लक्ष माझ्यावरून थोडं उडालंय. ती वीस वर्षांची, घाबरट, सगळ्याला "जी सर". आज ती कॅबिनमधून आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. आणि मला पहिल्यांदा काय वाटलं? सुटले!

थू माझ्यावर.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लॅबचे मालक सुरतेला असतात. त्यांना फोन केला. कारण वेगळंच सांगितलं — नेटवर्क प्रिंटर करू, प्रत्येकाला आपल्या टेबलावरून प्रिंट देता येईल, शेतकरी ताटकळत बसणार नाहीत. "करी नाखो," म्हणाले, करून टाका. एवढं सोपं होतं?

१० फेब्रुवारी, सोमवार

स्टेशनजवळच्या दुकानातले अन्वरभाई आले. पन्नाशीचे, पांढरी दाढी, कमी बोलणारे. राउटरपासून प्रिंटरला वायर ओढली, त्याला नेटवर्कवर स्वतःचा पत्ता दिला, तिन्ही कॉम्प्युटरवर तो जोडला. "दबाओ बेटी," म्हणाले. मी माझ्या टेबलावर बटण दाबलं. भिंतीपलीकडे मशीन घरघरलं.

आणि लगेच आतून — "काजल! तुझा कागद आला गं, घेऊन जा!"

प्रिंटर कॅबिनमध्येच ठेवलाय! महागडी वस्तू बाहेर कशाला, म्हणे. म्हणजे आता आमचा प्रत्येक कागद आधी त्यांच्या हातात. दुपारी हुमाने रजेचा अर्ज काढला. तो आधी साहेबांनी वाचला, मग तिला बोलावलं — "रजा कशाला हवी? बस, सांग मला." वीस मिनिटं.

हे मी करून ठेवलं! पूर्वी निदान आपण होऊन जात होतो. आता हाक येते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हुमाच्या कॉम्प्युटरवर प्रिंटर "ऑफलाइन". अन्वरभाईंना परत बोलावलं. ते कॅबिनमध्ये टेबलाखाली आडवे होऊन वायर बघत होते. मला माहीत नव्हतं. मी म्हसावदच्या शेतकऱ्याचा रिपोर्ट घ्यायला आत गेले. साहेब विसरलेच की खाली माणूस आहे. हात टाकला.

खालून स्क्रू ड्रायव्हर पडल्याचा आवाज. मग अन्वरभाई हळूहळू बाहेर आले. माझ्याकडे पाहिलंच नाही. कपडे झटकले. मला जमिनीत जावंसं वाटलं — लाज मला, हात त्याचा!

थोड्या वेळाने बाहेर ऐकू आलं —

"साहब, ये मशीन बंद कमरे में? इसकी काली पावडर बारीक उडती रहती है. सीधी फेफडे में जाती है. आपको खाँसी रहती है ना?"

खरं-खोटं ते जाणोत. पण साहेब म्हणजे शिंक आली तरी डॉक्टर गाठणारा माणूस. पंधरा मिनिटांत प्रिंटर हॉलमध्ये, निर्मलाबाईंच्या शेजारी! स्वतः उचलू लागले.

अन्वरभाई जाताना फक्त एवढंच म्हणाले, "अब इसको अंदर मत जाने देना."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बावीस प्रिंट. एकदाही आत नाही. बसमधून येताना रस्त्याकडेच्या पथारीवर वाळणाऱ्या मिरच्यांचा ठसका लागला, शेजारची बाई तोंड दाबून खोकत होती आणि मी हसत होते. ओढणी धुतली नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नवा नियम. प्रत्येक रिपोर्टवर साहेबांची सही. सही कॅबिनमध्ये, समोर उभं राहून, एकेक कागद. आजवर शिक्का चालत होता!

मला वाटलं होतं अडचण प्रिंटरची आहे. किती मूर्ख.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लिहिते. सगळं लिहिते.

सह्यांचे माझे अकरा कागद होते. हुमा तिचे घेऊन उठली. मी म्हटलं, "हुमा, जातेच आहेस तर माझेही ने ना." सहज म्हटल्यासारखं म्हटलं. सहज नव्हतं. मला माहीत होतं कागद जास्त म्हणजे वेळ जास्त.

ती म्हणाली, "दो ना दीदी."

काचेला पडदा ओढलेला. मी टाईप करत राहिले. काय टाईप केलं आठवत नाही. ती बाहेर आली तेव्हा एक बाही कोपरापाशी उसवलेली होती. रडत नव्हती. माझे सह्या झालेले अकरा कागद माझ्या टेबलावर ठेवले, कडा जुळवून, नीट. पिशवी उचलली आणि गेली. तीन वाजले होते.

साहेब बाहेर येऊन म्हणाले, "हुमा लवकर गेली का?" निर्मलाबाईंनी हजेरीच्या रजिस्टरमध्ये वेळ लिहिली.

आज जेवले नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हुमाची खुर्ची रिकामी. फोन बंद. निर्मलाबाईंनी विचारलं, "काल तिना हातमा इतला कागद कोना व्हतात?"

माहीत नाही, म्हटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

साडेअकराला प्रिंटर सुरू झाला. प्रिंट मी दिली नव्हती. निर्मलाबाई हुमाच्या कॉम्प्युटरसमोरून उठल्या, पानं घेतली, माझ्यासमोर ठेवली. जिल्ह्याच्या तक्रार समितीला अर्ज, साहेबांविरुद्ध. पहिली तारीख दोन हजार सहाची — तेव्हा त्या स्वतः आत जायच्या. शेवटचं वाक्य: "माझ्यानंतर लागलेल्या पाच मुलींना मी सावध केलं नाही, तेही यात नोंदवून घ्यावं." खाली त्यांची सही.

"काल मी हुमाना घर जाई उनू. ती बी सही करनार शे. तुन्हं तू देख."

मी पेन घेतलं. आधी एक ओळ लिहिली — "वीस तारखेला हुमाला आत मी पाठवलं."

मग सही केली.